दर्शनबारी आणि दवाखाना



अलीकडे गावोगावच्या सप्ताहांत एक बोल वारंवार कानी पडतो. बुवा रंगात येतात आणि म्हणतात, "2020 साली वारी बंद केली, तिथेच धर्म बुडाला. ज्याचा पांडुरंगावर भरवसा, त्याला कसला कोरोना?" मंडपात टाळ्या पडतात. मीही आयुष्यभर नारदाच्या गादीवर उभा राहिलो आहे; टाळी कोणत्या वाक्याला पडते हे मला ठाऊक आहे. पण हे वाक्य खोटे आहे, आणि त्या गादीवरून खोटे बोलू नये.

त्या वर्षी 1 जुलैला आषाढी होती. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरीस गेल्या. नेम मोडला नाही; लाखोंनी एकत्र चालणे तेवढे राहिले.

का राहिले? तुम्ही गोपाळपूरच्या पत्राशेडमध्ये उभे राहिलेले आहात. रात्र उलटते, पाय सुजतात, तरी बारी लावणाऱ्याला कोणी नास्तिक म्हणत नाही. गाभारा एवढासा. सगळे एकदम आत शिरले तर दर्शन कोणालाच नाही, आणि म्हातारी माणसे पायाखाली जातील. बारीने भाविक कमी होत नाहीत, ते वेळेत पसरतात. साथीचेही तसेच आहे. समजा, तालुक्याच्या दवाखान्यात प्राणवायूच्या दहा खाटा आहेत आणि एकेक रोगी आठवडाभर खाटेवर राहतो. शंभर अत्यवस्थ माणसे दहा आठवड्यांत आली, तर सर्वांना खाट मिळते. एकाच आठवड्यात आली, तर नव्वद जण दाराबाहेर. रोग तोच, डॉक्टर तेच. त्याच दारात अडलेली बाळंतीण आणि साप चावलेला शेतमजूरही उभा असतो, हे बुवांच्या ध्यानी येत नाही. शिवाय जो दिवस लांबतो तो कामी येतो. लस 16 जानेवारी 2021 पासून टोचू लागले. तोवर ज्याचे दुखणे टळले त्याच्या पदरात निदान ती आशा पडली.

आता निवृत्तिनाथांच्या पालखीची वाट डोळ्यांपुढे आणा. त्र्यंबकेश्वराहून निघून ती आपल्या जिल्ह्यात राहुरी, नगर, मिरजगाव अशी जाते. लागण झालेल्याला बहुधा चार-पाच दिवस काही कळत नाही. तेवढ्यात त्याचे चार-पाच मुक्काम झालेले असतात, एकाच राहुटीत, एकाच पंगतीत. ज्या गावांनी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या भाकरी वाढली, त्यांच्या ओसरीवर आपण काय ठेवून गेलो असतो?

एप्रिल 2021 आठवा. नगरला खाटेसाठी माणसे दारोदार फिरत होती. पारनेर तालुक्यात भाळवणीला 1100 खाटांचे केंद्र उभारावे लागले. खाटा मांडता येतात हो, पण डॉक्टर आणि परिचारिका रातोरात कोठून आणणार? त्याच जिल्ह्यात हिवरे बाजारने पथके केली, घरोघर चौकशी केली, आजारी माणूस लवकर हुडकून वेगळा ठेवला, आणि मे महिन्यात गाव कोरोनामुक्त झाले. प्लेगात आपले आजे-पणजे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिले, तेव्हा त्यांचा देव त्यांना सोडून गेला असे कोणी म्हटल्याचे मी ऐकले नाही.

बुवांच्या रागात एक गोष्ट मात्र खरी आहे, ती मी दडवणार नाही. दारूची दुकाने मे 2020 मध्ये उघडली आणि मंदिरांची दारे दिवाळीच्या पाडव्याला. खुद्द पंढरपुरात 17 एप्रिल 2021 ला पोटनिवडणुकीचे मतदान झाले, त्याआधी सभा झाल्या, ऐन साथीत! याची चीड आलीच पाहिजे. पण तिचा अर्थ असा, की त्या सभा थांबवा म्हणून आपण चौकात बसायला हवे होते. पुढाऱ्याने गर्दी केली म्हणून आम्हीही करू, हा न्याय टाळकऱ्याच्या तोंडी शोभत नाही. सर्वांभूती भगवंत म्हणणाऱ्याने दवाखान्याच्या पायरीवर धाप लागून बसलेल्या म्हातारीत तो पाहायचा नाही, तर कोठे पाहायचा?

साथ पुन्हा येणार नाही असा दाखला कोणाच्या खिशात नाही. यंदा दिंडीच्या बैठकीत आपल्या प्रमुखांना एवढे विचारा: ताप आलेल्या वारकऱ्यासाठी वेगळी राहुटी आहे का, त्याला गाडीने दवाखान्यात कोण नेणार, वाटेवरचा कोणता दवाखाना कोठे आहे हे वहीत लिहिले आहे का. लिहिले नसेल, तर विणेकऱ्यांची पाळी ठरवण्याआधी ते लिहून घ्या.