चित्रपटाची चौकट आणि पाठनिष्ठा

गुरुग्रामच्या उंच गृहसंकुलांतील दिवाणखान्यांत दूरचित्रवाणीच्या संचाने आता जवळजवळ एक भिंत व्यापली आहे. नोकरीच्या निमित्ताने पुण्यामुंबईहून तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुट्टीच्या दिवशी एखादा जुना चित्रपट लावून बसली, की एक वाद हटकून निघतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावावा, तर रुंद पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. एवढा मोठा पडदा घेतला तो काळोख पाहण्यासाठी काय, असे एक पक्ष विचारतो. चित्र जसे आहे तसेच राहू द्यावे, असे दुसरा म्हणतो. अखेर कोणीतरी रिमोटवरील बटण दाबतो, पट्ट्या नाहीशा होतात आणि वादही मिटतो. त्या पट्ट्यांबरोबर आणखी काय नाहीसे झाले, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

हा वाद घरगुती असला तरी क्षुल्लक नाही. वस्तुतः तो पाठचिकित्सेचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचे मूळ पडद्याच्या आकारात आहे. बोलपटाच्या आरंभीच्या काळात चित्राची चौकट जवळजवळ चौरस असे. उंची एक धरली तर रुंदी १.३७. दूरचित्रवाणीने तिचा पडदा याच मापाच्या जवळपास, म्हणजे चारास तीन, असा ठरविला. पुढे घरोघर जाणाऱ्या या प्रतिस्पर्ध्याला तोंड देण्यासाठी अमेरिकी चित्रपटाने पडदा रुंद केला, आणि १९५३ साली सिनेमास्कोप अवतरला. आपल्याकडे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ (१९५९) हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी ओस पडलेल्या स्टुडिओतील प्रकाशझोत आणि त्याच्या दोन अंगांना उभी असलेली दोन माणसे ज्या रुंदीत मांडली, ती रुंदी केवळ जागा नव्हे. त्या दोघांमधील रिकामेपण हेच त्या प्रसंगाचे विधान आहे.

व्हिडिओ कॅसेटच्या आणि पुढे व्हीसीडीच्या काळात असे चित्रपट घरी आले, तेव्हा चौरस पडदा भरून काढण्यासाठी त्यांच्या बाजू छाटण्याची रीत सर्रास होती. २.३५ रुंदीचे चित्र चारास तीन या मापात कोंबले, की त्याचा शेकडा ४३ भाग गळतो. राहिलेल्या भागात दोन पात्रे मावत नसतील, तर तंत्रज्ञ एकावरून दुसऱ्याकडे चौकट सरकवितो. म्हणजे दिग्दर्शकाने जेथे स्थिरता योजिली तेथे हालचाल येते आणि जेथे दोघे एकत्र होते तेथे ते वेगळे पडतात. हे संक्षेपीकरण नव्हे. हे प्रक्षेपण आहे.

आता फासा उलटा पडला आहे. संचांचे पडदे सोळास नऊ झाले, त्यामुळे ज्यांना पूर्वी इजा नव्हती तेच जुने चित्रपट संकटात सापडले. पडदा भरावयाचा, तर १.३७ मापाच्या चित्राचा वरचा व खालचा मिळून शेकडा २३ भाग कापावा लागतो; नाही तर माणसे आडवी ताणावी लागतात. ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये दामले आणि फत्तेलाल यांनी शेवटी तुकोबांना आकाशात जाताना दाखविले आहे. जिजाई आणि गावकरी खाली भुईवर राहतात. त्या चित्रपटाचा सारा अर्थ या उभ्या अंतरात आहे. भक्ताचे वर जाणे आणि संसाराचे मागे उरणे एकाच चौकटीत पाहावयाचे, तर चौकटीला उंची हवी. गीता कपूर यांनी १९८७ सालच्या आपल्या निबंधात या चित्रपटातील प्रतिमेच्या संमुखतेचा, म्हणजे ती प्रेक्षकासमोर थेट उभी राहण्याच्या पद्धतीचा, जो विचार केला आहे, तोही डोके आणि पाय छाटलेल्या प्रतीवरून कोणाला करता येणार नाही.

एवढ्यावरून कोणी असा नियम काढील, की ज्या प्रतीत चित्र अधिक ती प्रत अस्सल. तोही फसवा आहे. ‘शोले’ (१९७५) चे उदाहरण यासाठी मोलाचे ठरते. तो नेहमीच्या ३५ एम.एम. फितीवर चित्रित झाला आणि पुढे त्याचे चित्र ७० एम.एम.च्या २.२ या रुंद प्रमाणात रूपांतरित करण्यात आले. येथे रुंद चित्रात काही अधिक नसून उलट चौरस चित्राचा वरचा-खालचा भाग त्यात वगळलेला आहे. संपूर्ण पडदा भरणारी चौरस प्रत पाहणाऱ्याला आकाश आणि जमीन जास्त मिळते, पण योजिलेली चौकट मिळत नाही. २०२५ साली बोलोन्या येथे या चित्रपटाची जी पुनरुज्जीवित प्रत प्रथम दाखविण्यात आली, तीत रुंद चौकट स्वीकारली आहे. शिवाय आणीबाणीच्या काळात बदलावा लागलेला शेवटही मूळ रूपात घेतला आहे. चौकट आणि शेवट हे दोन्ही पाठभेदच होत.

अधिक म्हणजे अस्सल नव्हे, ही गोष्ट मराठी अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा तीत कोणी पदरची ओवी घालू नये असे बजावले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली, आणि लक्ष श्लोकांची ख्याती असलेल्या त्या ग्रंथाचा संशोधित पाठ बराच आटोपशीर निघाला. सुकथनकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळलेला मजकूर नष्ट केला नाही. तो तळटिपांत व परिशिष्टांत ठेवला. व्यासाचा मनोदय कोणाला विचारता येत नाही, चित्रपटाच्या बाबतीत मात्र छायालेखकाने आखलेली चौकट पुष्कळदा ठाऊक असते, हा भेद खरा. तथापि त्या भेदाने संपादकाची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

पडदा भरून मागणाऱ्या प्रेक्षकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. वीस इंची संचावर सिनेमास्कोप म्हणजे एक बारीक पट्टी दिसे, चेहरे ओळखू येत नसत. आजही हातातील फोनवर तीच अडचण आहे. चित्रपट ही लोककला आहे, ती पाहणाऱ्याला दिसली पाहिजे, ही मागणी रास्तच आहे. परंतु सोयीसाठी काढलेली सुलभ आवृत्ती ही सुलभ आवृत्ती म्हणून ओळखली जावी. गुरुग्रामच्या भिंतभर संचावर तर ही सबब मुळीच टिकत नाही. तेथे पट्ट्या खुपतात त्या केवळ विकत घेतलेली जागा वाया गेल्यासारखी वाटते म्हणून.

कायद्याचाही येथे फारसा आधार नाही. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’वरील चित्रपटाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली, आपल्या कृतीचे विकृतीकरण रोखण्याचा लेखकाचा हक्क तिच्या चित्रपट-रूपांतरापर्यंत पोहोचतो असे मानले. पण त्याच १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्माता धरला जातो. दिग्दर्शक नव्हे, छायालेखक तर नव्हेच. कादंबरीची कथा बिघडविली तर कादंबरीकाराला दाद मागता येते; चौकट आखणाऱ्याला ती छाटली जाताना त्या हक्काच्या बळावर उभे राहता येत नाही.

अशा स्थितीत निदान विद्यापीठांनी तरी आपले कर्तव्य ओळखावे. भारतीय भाषांच्या विभागांत आज साहित्यकृतीच्या चित्रपट-रूपांतरावर प्रबंध लिहिले जातात. त्यांत कादंबरीची आवृत्ती, प्रकाशक आणि पृष्ठ यांचा काटेकोर निर्देश असतो; चित्रपटाच्या नावापुढे मात्र केवळ वर्ष असते. अभ्यासकाने कोणती प्रत, कोणत्या प्रमाणात, कापलेली की अखंड पाहिली हे परीक्षकही विचारीत नाही. दृश्यरचनेवर लिहिलेले पानच्या पान अशा प्रतीवर बेतलेले असू शकते, जिची रचना एखाद्या अनाम तंत्रज्ञाने केलेली आहे.

याच गुरुग्रामात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे कला व पुरातत्त्व केंद्र आहे. १९६५ साली बनारसजवळ रामनगर येथे सुरू झालेल्या या केंद्रातील मंदिराचे छायाचित्र अभ्यासकाच्या हाती पडते ते स्थळकाळाच्या नोंदीसह. त्याच नगरातील दिवाणखान्यात चित्रपट येतो तो मात्र कसल्याही नोंदीवाचून. चित्रपट प्रसृत करणाऱ्यांनी मूळ प्रमाण आणि केलेला फेरफार प्रेक्षकाला स्पष्ट सांगावा, आणि प्रबंधलेखकाने तो संदर्भात नोंदवावा, एवढी मागणी अवास्तव नाही. त्या काळ्या पट्ट्या म्हणजे छापील पानाचा समास आहे. समास कोरा राहिला म्हणून कोणी ओव्या ताणून पान भरीत नाही.