पाला खा, पण साखर मोजून

बेडकीच्या पाल्याचं एक पान चावून चावून खा, चूळ भरा आणि जिभेवर चिमूटभर साखर ठेवा. वाळू! अर्धा तास तरी पेढासुद्धा मातीसारखा लागतो. गुडमार, मधुनाशिनी ही नावं त्यावरूनच पडली. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेला गोड कळू देत नाहीत, एवढाच हा चमत्कार. जिभेवरची साखर हरवली म्हणून रक्तातलीही हरवली असं लोक धरून चालतात, माझं भांडण तिथे आहे.

आमच्या इमारतीतल्या एका काकांनी गॅलरीत ‘इन्सुलिनचं झाड’ लावलं. रोज अनशापोटी दोन पानं, आणि गोळ्या बंद. “नैसर्गिक आहे, अपाय कसला?” तीन महिन्यांची सरासरी साखर ७.२ वरून १०.४ वर गेली. अहो, त्या पानात इन्सुलिन नसतं. असतं तरी पोटात पचून गेलं असतं. म्हणून तर ते टोचून घ्यावं लागतं. आणि नैसर्गिकच म्हणाल, तर कण्हेर आणि धोतराही निसर्गाचेच की.

हजारो वर्षांच्या अनुभवाचा दाखलाही नेहमीचाच. लघवीला मुंग्या लागल्या की मधुमेह ओळखायचा, असा तो काळ. आज बोटाला सुई टोचली की आकडा समोर येतो, तरी पुरावा म्हणून आपण शेजारणीच्या मावसभावाला उभं करतो.

मात्र ‘पाल्यात काय ठेवलंय?’ म्हणून हसणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच्या चिठ्ठीवरचं मेटफॉर्मिन आठवावं. त्याचं मूळ गॅलेगा या युरोपीय झुडपात आहे. ते चरून मेंढ्या मरत. त्यातलं गॅलेजिन साखर उतरवायचं, पण विषारी निघालं. त्याच्या जातकुळीतलं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं, आणि १९५७ मध्ये फ्रान्समध्ये झाँ स्टर्न यांनी ते रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष मांडले. झुडपापासून गोळीपर्यंतची ही वाट मोजमापाची होती.

बेडकीच्या पाल्यानेही त्या वाटेवर पाऊल टाकलं आहे. १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी टाइप २ मधुमेहाच्या २२ रुग्णांना गोळ्यांच्या जोडीला रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दीड वर्षाहून अधिक काळ दिला. पाच जणांच्या गोळ्या सुटल्या. बावीस माणसं म्हणजे मूठभरच, पण पुढे शोध घ्यायला एवढं पुरेसं आहे. गोळी फेकून द्यायला मुळीच नाही. पाला घ्यायचाच तर डॉक्टरांना सांगून घ्या. गोळी आणि पाला मिळून साखर एकदम उतरली, तर दरदरून घाम फुटतो आणि भोवळ येते.

मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. आमच्या फाटकासमोरच्या खांबावर तरी ‘साखर मुळापासून बरी’ झळकतंच आहे, फोन नंबरासकट.

काकांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. झाड उपटा असं मी काही म्हटलं नाही. शेंदरी फुलं फार सुंदर येतात त्याला.