केबिनमधला दुसरा माणूस

२००२ सालच्या जुलै महिन्यात दिल्लीहून ट्रक घेऊन निघालेला एक चालक सुमारे साडेअकराशे किलोमीटर अंतर कापून झारखंडमधील निमियाघाटजवळ पोहोचला. तेथे त्याला अस्वस्थ वाटू लागले. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला एका हॉटेलाजवळ उभी केली आणि थोड्याच वेळात तो बेशुद्ध पडला. आसपासच्या लोकांनी त्याला रुग्णालयात नेले, परंतु तोवर त्याचा मृत्यू झालेला होता. पुढे अनेक वर्षे वाद चालला तो हा मृत्यू नोकरीमुळे झाला की केवळ नोकरीवर असताना झाला, या मुद्द्यावर. उच्च न्यायालयाने कुटुंबाच्या विरोधात निर्णय दिला. अखेर डिसेंबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, एवढे अंतर गाडी चालवण्याचा ताण या मृत्यूला कारणीभूत ठरला असे मानून, भरपाईचा दावा मान्य केला.

निकाल न्याय्य होता आणि लांब पल्ल्याच्या चालकांच्या वारसांना तो आजही उपयोगी पडतो. तथापि न्यायालयापुढे प्रश्न होता तो मृत्यूनंतरचा. आपल्या सार्वजनिक व्यवस्थेचेही बरेचसे तसेच आहे. चालकावरील संकटाचा विचार ती सुरू करते तो संकट कोसळल्यानंतर: रुग्णवाहिका, उपचारांचा खर्च, विमा, दावा. अस्वस्थ वाटू लागल्यापासून शुद्ध हरपेपर्यंतची जी काही मिनिटे असतात, त्या मिनिटांत केबिनमध्ये काय असावे आणि कोण असावे, याची चिंता कोणत्याही खात्याकडे सोपवलेली नाही.

अपघातोत्तर मदतीत गेल्या काही वर्षांत झालेली सुधारणा नाकारण्याचे कारण नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के. पण द्रुतगती मार्ग धरून मृत्यूंतील त्यांचा वाटा ३६ टक्के होता. महामार्गांवर १०३३ हा मदत क्रमांक आहे, टोलनाक्यांवर रुग्णवाहिका उभ्या असतात. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाची, म्हणजे ‘गोल्डन अवर’ची, व्याख्या आली. त्या तासात विनारोकड उपचार देणारी योजना मात्र वर्षानुवर्षे कागदावरच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला मुदत घालून दिली, तेव्हा कुठे मे महिन्यात ती अधिसूचित झाली. अपघातग्रस्ताला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार सात दिवसांपर्यंत मिळावेत, अशी तिची तरतूद आहे.

परंतु ही योजना मोटार अपघाताची आहे. निमियाघाटच्या चालकाला ती लागू झाली नसती. त्याच्या गाडीला कोणी धडक दिली नव्हती, त्याने कोणाला दिली नव्हती. छातीत कळ येणे, मे महिन्यात विदर्भात किंवा राजस्थानात तापलेल्या केबिनमध्ये उष्माघात होणे, रात्री टायर बदलताना साप चावणे, मधुमेहाच्या रुग्णाची साखर एकाएकी उतरणे, यांतले काहीही कायद्याच्या अर्थाने अपघात नाही. यापैकी काही चालत्या गाडीत घडले तर मात्र त्याचा अपघात होण्यास क्षणभरही लागत नाही, आणि मग त्यात इतरही मरतात. वातानुकूलित केबिनची सक्ती १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालवाहू गाड्यांना लागू झाली, हे स्वागतार्हच. त्याआधीचे लक्षावधी ट्रक मात्र आणखी बरीच वर्षे रस्त्यावर असणार आहेत.

या सर्व प्रसंगांत सर्वांत उपयोगी साधन कोणते? प्रथमोपचाराची पेटी नव्हे, मोबाइल फोनही नव्हे. शेजारी बसलेला दुसरा माणूस. तो गाडी थांबवतो, चाकाखाली दगड लावतो, मागे जाऊन येणाऱ्या वाहनांना इशारा करतो, फोन लावून जागा सांगतो, आणि चालकाचे डोळे मिटू लागलेले त्याला चालकाच्याही आधी दिसतात. नॅशनल परमिटच्या ट्रकवर किमान दोन चालक असावेत आणि एकाला आडवे होऊन झोपता येईल अशी जागा केबिनमध्ये असावी, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पूर्वी सांगितले होते. तपासणी नाक्यांवर हा नियम बव्हंशी चिरीमिरीचे निमित्त बनला होता, असे वाहतूकदार सांगत, आणि त्यात तथ्य होते. २०१८ साली नियमदुरुस्ती होऊन ही सक्ती सैल झाली. चालकांची टंचाई, रिकामा जाणारा पगार, वाढलेला डिझेलखर्च ही कारणे मालकांच्या दृष्टीने खरीच होती. क्लीनर तर त्याआधीच अनेक गाड्यांवरून नाहीसा होऊ लागला होता. व्यवसाय शिकण्याची ती पहिली पायरी होती, हे जाता जाता नोंदवायला हवे. चालकांच्या आजच्या टंचाईचे एक मूळ तेथेही आहे.

गंमत अशी की सरकारला या दुसऱ्या माणसाचे महत्त्व ठाऊक नाही असे नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात गृह मंत्रालयाने मालवाहतुकीला मोकळीक दिली, तेव्हा प्रत्येक ट्रकवर दोन चालक आणि एक मदतनीस यांना परवानगी असल्याचे आदेशात स्पष्ट लिहिले होते. महामार्गांवरील ढाबे आणि ट्रकदुरुस्तीची दुकाने उघडण्याची मुभाही १५ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत होती. संकटाच्या दिवसांत ट्रक चालता ठेवण्यास काय लागते, याची ती नेमकी यादी होती. संकट सरताच ती फायलीत गेली.

दुसरा चालक नसेल तर निदान कामाच्या तासांना मर्यादा हवी. ती कायद्यात १९६१ पासून आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियमाने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले, पाच तासांच्या सलग कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. आपल्याकडे ट्रकमालकी किती विखुरलेली आहे, एकदोन गाड्यांचे मालक किती आहेत, हे पाहिले म्हणजे एवढ्या अटीनेच कायद्याची धार किती बोथट झाली ते कळते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने जुन्या कायद्याची जागा घेतली आणि मोटार परिवहन उपक्रमांसाठी ही संख्या दहावर नेली. ज्या कामगाराला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तो छोट्या मालकाचा एकटा चालक, पूर्वीही बाहेर होता. आता त्याच्यासोबत आणखी काही बाहेर पडले.

थांबायचे ठरवले तरी थांबायचे कोठे? नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थानात फलोदीजवळ यात्रेकरूंची गाडी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळून पंधरा जणांचा मृत्यू झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महामार्गांलगतच्या ढाब्यांबाबत विचारणा केली. ते योग्यच झाले. परंतु ढाबे हटवले म्हणून चालकाची झोप आणि भूक हटत नाही. दर ४० ते ६० किलोमीटरवर सुविधा केंद्रे उभारण्याचे महामार्ग प्राधिकरणाचे धोरण आहे, तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ या नावाने चालकांसाठी मुक्कामाची सोय केली आहे. त्यांचा विस्तार झाल्याविना रस्त्यावर उभ्या गाड्यांवर नुसता दंड आकारणे म्हणजे थकलेल्या माणसाला पुढे हाकलणे होय. कडेला उभा ट्रक मागून येणाऱ्यांसाठी घातक असतो. झोपाळलेल्या चालकाचा धावता ट्रक त्याहून घातक असतो.

एका क्षेत्रात मात्र आपल्या नियमांनी पूर्वतयारीचा विचार बऱ्याच तपशिलाने केलेला आहे, आणि ते आहे धोकादायक मालाची वाहतूक. अशा मालाच्या चालकाला तीन दिवसांचे प्रशिक्षण बंधनकारक आहे. गाडीवर मालाचे नाव, धोक्याचा वर्ग आणि आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक दाखवणारा फलक लागतो. गळती झाली, आग लागली, तर काय करायचे याच्या लेखी सूचना केबिनमध्ये ठेवाव्या लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माल पाठवणाऱ्यावरही नियमांनी जबाबदारी टाकली आहे. एवढे असूनही २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर–अजमेर महामार्गावर भांकरोटा येथे वळण घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकची धडक बसली, वायू पसरला आणि पेट घेऊन आसपासची वाहने कवेत घेती झाली. डझनाहून अधिक माणसे त्यात गेली. अशा वेळी चालक फार थोडे करू शकतो, हे खरे. पण मागच्या गाड्यांनी इंजिने बंद करावीत, लोकांनी वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जावे, एवढे ओरडून सांगणारा कोणी असण्यानेही फरक पडतो. आणि ते सांगायचे, तर धोक्याची ती सूचना कोणत्या भाषेत छापली आहे आणि ती कधी कोणी वाचून दाखवली आहे का, हे विचारले पाहिजे.

संकटात चालकाने काय करावे, याबाबत कायदा एका ठिकाणी विलक्षण प्रामाणिक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ अपघातानंतर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर सोपवते. मात्र जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर त्यातून सूटही देते. संसदेला ठाऊक असलेली ही वस्तुस्थिती नव्या न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात दिसत नाही. अपघातानंतर खबर न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी चालकांनी चाके थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारने चर्चेचे आश्वासन दिले. जुलै २०२४ मध्ये संहिता लागू झाली ती हे उपकलम बाजूला ठेवून. तेव्हापासून प्रश्न अधांतरी आहे. चालकाने जखमीला टाकून पळू नये ही अपेक्षा रास्तच आहे. पण जमावापासून जीव वाचवून दोन किलोमीटरवर थांबायचे आणि तेथून ११२ वर खबर द्यायची, एवढे केले तर पळून गेल्याचा गुन्हा लागत नाही, हे त्याला कोणी समजावून सांगितले आहे काय? कोणत्याही दंडकलमापेक्षा हे एक वाक्य, त्याच्या भाषेत, परवान्यासोबत दिले तर अधिक जखमी वाचतील.

संकट नेहमी क्षणात येते असेही नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अतिवृष्टीने जम्मू–श्रीनगर महामार्ग खचला आणि काझीगुंडच्या बाजूला सफरचंदांनी भरलेले हजारो ट्रक अडकून पडले. फळ सडले, बागायतदारांचे नुकसान झाले, त्याची चर्चा देशभर झाली. सप्टेंबरमध्ये बडगामहून दिल्लीसाठी पार्सल रेल्वेगाडीही सुरू झाली. त्या ट्रकांत माणसेही होती. खेपेसाठी मिळालेला खर्च ठराविक दिवसांचा असतो. तो संपल्यावर माल सोडून जाता येत नाही आणि पुढे हलताही येत नाही. ज्यांना रोजचे औषध लागते त्यांच्याकडचे औषधही ठराविक दिवसांचेच असते.

मग काय करता येईल? परवान्याच्या नूतनीकरणाला जोडलेली वैद्यकीय तपासणी आज पाच वर्षांतून एकदा होते आणि ती कशी होते हे सर्वज्ञात आहे. चाळिशी ओलांडलेल्या चालकाचा रक्तदाब, साखर आणि दृष्टी दरवर्षी, महामार्गावरच, विनामूल्य तपासली जावी. दोष आढळल्यास परवाना हिसकावण्याऐवजी उपचार आणि चष्मा मिळावा, नाहीतर कोणी तपासून घेणार नाही. प्रथमोपचार आणि आग हे विषय चालक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात आहेतच. ते प्रत्यक्ष हाताने करून घेतले जावेत. विनारोकड उपचारांची व्याप्ती कामावर असताना कोसळलेल्या व्यावसायिक चालकापर्यंत वाढवण्यास फार मोठी रक्कम लागणार नाही. १०३३ हा क्रमांक राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे, राज्य महामार्गावर उतरताच चालकाला दुसरा क्रमांक आठवावा लागतो. ही सीमा त्याच्या दृष्टीने निरर्थक आहे आणि यंत्रणांनी ती आपापसात मिटवावी.

राहिला खर्चाचा प्रश्न, म्हणजेच दुसऱ्या माणसाचा. एका ट्रकच्या मालकाला दोन चालकांचे वेतन परवडत नाही, ही तक्रार खरी आहे, कारण भाडे तो ठरवत नाही. भाडे आणि पोहोचण्याची वेळ ठरवतात सिमेंट, पोलाद, खते, वाहने आणि घरपोच विक्रीच्या मोठ्या कंपन्या. उशीर झाला की भाड्यातून कपातही त्याच करतात. धोकादायक मालाबाबत पाठवणाऱ्याची जबाबदारी आपले नियम आधीच मान्य करतात. तेच तत्त्व सर्व मालाला लावावे: ठरावीक अंतरापलीकडच्या खेपेसाठी बिल्टीवर पोहोचण्याची जी वेळ लिहिली आहे ती एका चालकाला कायदेशीर तासांत गाठता येत नसेल, तर दुसऱ्या चालकाचे वेतन माल पाठवणाऱ्याने द्यावे किंवा वेळ वाढवून द्यावी. फास्टॅग आणि ई-वे बिल यांमुळे गाडी कोठून कधी निघाली आणि कोणत्या नाक्यावरून कधी गेली, याची नोंद सरकारकडे आजही आहे. कर चुकवणाऱ्यांना शोधण्यासाठी ती वापरली जाते. सलग अठरा तास धावलेली गाडीही तीच नोंद दाखवू शकेल, आणि जाब विचारायचा तो चालकाला नव्हे, ज्याच्या नावाने माल निघाला त्याला.