नर्मदाकाठची तरतूद

जबलपूरला जाणारा मराठी पर्यटक सहसा भेडाघाट पाहिल्याविना परतत नाही. धुवांधारचे तुषार अंगावर घ्यावेत, संगमरवरी कड्यांमधून नौकाविहार करावा आणि परतीची गाडी गाठावी, असा नेहमीचा क्रम. जवळच्याच टेकडीवरील चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या मात्र अनेकांना नकोशा वाटतात. हा क्रम बदलायला हवा.

कलचुरी राजवटीत, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास उभारलेले हे मंदिर वर्तुळाकार असून त्याचे प्रांगण आकाशाला खुले आहे. भोवतालच्या ओवरीत योगिनींच्या मूर्ती विराजमान आहेत. नाव चौसष्टचे असले, तरी देवकोष्ठे ८१ आहेत. बहुतेक मूर्ती भग्न आहेत. कोणाचे हात उरलेले नाहीत, कोणाचा चेहरा. तरीही पीठांवर कोरलेल्या नावांमुळे त्यांतील अनेकींची ओळख टिकून आहे. प्रांगणात गौरीशंकराचे मंदिर आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी नर्मदेचे विस्तीर्ण पात्र.

कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, येथून जवळच आहे. या राजवंशाचे कोरीव लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साक्षेपाने संपादित केले. तो ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील इ. स. ११५५ चा भेडाघाटचा लेख आजही मननीय वाटतो. राणी अल्हणदेवीने येथे शिवमंदिर, मठ, अध्ययनशाळा आणि उद्याने उभारल्याची नोंद त्यात आहे. एवढ्यावरच न थांबता तिने त्यांच्या खर्चासाठी दोन गावांचे उत्पन्न लावून दिले. वास्तू उभारणे हे औदार्य खरे. पण तिच्या देखभालीची तरतूद करणे हे शहाणपण होय. ठेवीचे मोल जाणणाऱ्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

नदी आपले कडे स्वतःच घडवते. मंदिराला मात्र माणसाची काळजी लागते. आजच्या प्रवाशाने गावे इनाम द्यावीत, अशी कोणाची अपेक्षा नाही. त्याने तासभर वेळ द्यावा, मूर्तींना हात लावू नये आणि जुन्या भिंतींवर स्वतःचे नाव कोरण्याची हौस आवरावी. ज्यांचे चेहरे नष्ट झाले, त्या योगिनींची ओळख केवळ काही अक्षरांवर टिकून आहे. ती अक्षरे पुढच्या पिढीलाही वाचता यावीत, एवढी तरतूद प्रत्येकाला करता येण्याजोगी आहे.