तांबं का वितळत नाही?

भोसरी-चिंचवडकडच्या पालकसभांत दोन वाक्यं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. पहिलं : "सर, व्हिडिओ बघून फिजिक्स येत नाही, गणितं सोडवूनच येतं." दुसरं : "मशीनचं ज्ञान आयटीआयच्या पोरांना द्या, आमच्याला जेईई द्यायचीय." पहिल्यात अर्धं सत्य आहे. दुसरं मला मुळीच मान्य नाही.

नुसता व्हिडिओ पाहून समजल्याचा भास होतो, हे खरं. 'व्हेरिटासियम' वाहिनीचा डेरेक मुलर याने सिडनी विद्यापीठातल्या २००८ च्या प्रबंधात हेच तपासलं. सरळ, सुबक स्पष्टीकरणाचे व्हिडिओ विद्यार्थ्यांना स्पष्ट वाटले, पण मनातली जुनी चुकीची समजूत फारशी हलली नाही. ज्यांत ती चूक आधी बोलून दाखवून मग खोडली होती, त्यांनी विद्यार्थी गोंधळले. शिकले मात्र तेच जास्त. प्रश्न पडायच्या आधीच उत्तर हातात देण्याची ही खोड फळ्यालाही आहे आणि गाईडला तर सर्वांत जास्त.

दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना मी स्पॉट वेल्डिंगचा संथ गतीतला व्हिडिओ लावतो आणि ठिणगी उडायच्या आधी थांबवतो. तांब्याच्या दोन टिपांमध्ये पोलादाचे दोन पत्रे दाबलेले. वितळणार काय? बरेच हात तांब्यासाठी वर होतात, कारण वीज आधी तिथून येते! ही समजूत एरवी बाहेर आलीच नसती. जोडणी एकसर, म्हणून धारा सगळीकडे सारखी, वेळही सारखा. उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ. मग फरक पडायला उरला फक्त रोध. तो सर्वांत जास्त दोन पत्र्यांच्या सांध्यात, कारण पत्रे वरून गुळगुळीत दिसले तरी मोजक्याच ठिकाणी एकमेकांना टेकतात. तांब्याचा रोध कमी, शिवाय टिपेच्या आतून पाणी फिरतं. आता वह्या उघडायच्या : धारा १०,००० अँपिअर, सांध्याचा रोध एका ओहमचा दहा हजारावा भाग, वेळ ०.२ सेकंद. उत्तर २,००० ज्यूल. गणित सुटलंच, आणि ते कशाचं आहे हेही मुलांना ठाऊक आहे.

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ पासून आहे, महिंद्राचाही आहे. एकेका गाडीच्या सांगाड्यावर असे हजारो स्पॉट पडतात. पण तिथे शाळकरी पोराला उभं राहता येत नाही, आणि राहिलं तरी ०.२ सेकंदांत घडलेलं डोळ्याला पकडता येत नाही. बाप रोज पाळीभर ज्याच्याशेजारी उभा असतो, ते लेकराला दाखवायला दुसरी कुठली वाट आहे?

आता आयटीआयचं. वर्गातल्या एका मुलीचे वडील वेल्डिंग गन चालवतात. तिने घरी विचारलं, तर ते म्हणाले, "टीप वेळेवर घासली नाही तर स्पॉट सुटतो." का सुटतो? टीप दबून पसरते, टेकण्याचं क्षेत्रफळ वाढतं, तीच धारा जास्त जागेत विखुरते आणि एका ठिकाणी पुरेशी उष्णता साचत नाही. रोध क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात, हे नववीच्या पुस्तकातलंच. जेईईचं भौतिकशास्त्र याहून वेगळ्या नियमांनी चालतं का?

आयआयटी कानपूरमधून १९७५ साली अभियंता झालेले अरविंद गुप्ता आपल्याच भागात, टेल्कोत, ट्रक बनवत होते. १९७८ साली रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब नि काडेपेटीच्या काड्या जोडून मुलांना शिकवू लागले. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांच्या खेळण्यांचे छोटे व्हिडिओ मराठीसह अनेक भाषांत निघाले. आयआयटी आणि ट्रकचा कारखाना दोन्ही पाहिलेल्या या माणसाला हातातलं विज्ञान कमी दर्जाचं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या मुलीने वडिलांचाच प्रश्न वर्गात आणला : ॲल्युमिनियमचा पत्रा असला की धारा खूप वाढवावी लागते, ती का? मी काही बोलायच्या आत तिच्या बाकावरच्या दोघींनी पुस्तक काढून रोधकता शोधायला सुरुवात केली होती.