पर्यावरणाचा तास कुणाचा?

पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच सांगितलं. पुस्तक आलं, प्रोजेक्ट आला, मार्कही आले. पण आमच्या इंदापूरकडचे एक गुरुजी म्हणतात, "एकट्या विज्ञानाच्या सरांनी काय होतंय? मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी मनावर घेतलं पाहिजे." मला हे शंभर टक्के पटतं. बारामती तालुक्यात नीरा डाव्या कालव्यावर ऊस डोलतो, अन् त्याच तालुक्यातली जिरायती गावं दुष्काळात टँकरची वाट बघतात. शाळेने स्वतःच्या टाकीचा हिशोब रोज फळ्यावर मांडला, तर पोरांना हा फरक आपसूक कळेल. आपल्या होस्टेलचं काय? गळका नळ बघून "मेंटेनन्सवाले बघतील" म्हणणारे आपण पर्यावरणाच्या पेपरात मात्र पास!