बाळंतिणीचा शब्द

डहाणूहून बोर्डीमार्गे उत्तरेस निघाले की गुजरातच्या सीमेलगत झाई लागते. किनाऱ्यावर मच्छीमारांची वस्ती, आत वारली समाजाचे पाडे. पिढ्यानपिढ्या अशा पाड्यांवरची बाळंतपणे सुईण करीत आली. ती बाळंतिणीची बोली बोलत असे, रात्रभर तिच्या उशाशी बसत असे. मात्र अतिरक्तस्राव किंवा झटके आले, तर तिच्यापाशी इलाज नव्हता. तो रुग्णालयातच आहे. म्हणून प्रसूती तेथेच व्हावी, असे मी आग्रहाने सांगतो.

२०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधे आणि वाहन मोफत आहे. तरीही अनेकजणी तेथे जाण्यास कचरतात. बोली निराळी, माणसे परकी, आणि तक्रार केली तर ‘सगळ्यांनाच दुखते’ हे उत्तर. हे अंतर मैलांत मोजता येत नाही.

ते केवळ गरिबीमुळे पडते असेही नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांमधील मातामृत्यूचे प्रमाण श्वेतवर्णीय स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. विख्यात टेनिसपटू सेरेना विल्यम्स यांना २०१७ मध्ये सिझेरियननंतर धाप लागली. फुप्फुसात गुठळी असावी, हे त्यांनी स्वतः ओळखले. तरी तपासणीसाठी त्यांना आग्रह धरावा लागला. गुठळ्या खरोखरच निघाल्या.

मग पाड्यावरच्या अबोल मुलीसाठी आग्रह कोणी धरायचा? एक वृद्ध सासूबाई सहा दिवसांच्या बाळंतिणीला माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, “ही कधी कण्हत नाही. आज डोकं दुखतं म्हणाली, म्हणून आणली.” रक्तदाब १७०/११० होता. तिला तातडीने रुग्णालयात हलविले आणि ती वाचली. निम्मे निदान सासूबाईंनीच केले होते.

ज्येष्ठांनो, सुईणीची ती सोबत आता आपण द्यावी. प्रसूतीच्या वेळी अनुभवी स्त्री नातलगाला जवळ राहू देण्याची मुभा केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांना दिली आहे. तशी विनंती आधीच करा. घरी आल्यावर सहा आठवडे लक्ष ठेवा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप, छातीत दुखणे, ताप, एका पायाला सूज व वेदना, किंवा तासाभरात पॅड भिजविणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. ‘आमच्या वेळी असेच होई’ हे वाक्य त्या दिवसांपुरते बाजूला ठेवा. ती जे सांगेल, ते खरे माना.